तेरा फोन, एक कॅलेंडर : कामाच्या नोंदी

१३ मे २०२५, मंगळवार

काल बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, म्हणून आज बैठक. विषय एकच. गोदाम पाहायला आलेली माणसं कुलूप पाहून परत गेली, त्याचं काय.

तारीख मेलवर आली होती, पत्रही रीतसर होतं. काकाजींनी (आमचे अध्यक्ष) विचारलं, "तारीख कोणाले मालूम होती?" सीईओ भाऊ म्हणाले, "मले तं मेल आलाच नाही." खरंच त्यांच्या फोनवर तो मेल नव्हता, त्यांनी सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. मी ऑफिसच्या लॅपटॉपवर पाहिलं, तिथं होता. न वाचलेला, जाड अक्षरात.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला. माणसं तेरा : काकाजी, सीईओ भाऊ, हिशेब आणि कॉम्प्युटर पाहणारा मी, गोदामवाले दादा आणि गावोगावच्या नऊ कृषी सखी. तारखा ठेवायच्या जागा सहा : भिंतीवरचं कॅलेंडर, माझी डायरी, भाऊंचा फोन, व्हॉट्सॲपचा ग्रुप, फळा आणि काकाजींचं डोकं. त्यातली शेवटची जागा सगळ्यात भरवशाची, पण तिची कॉपी काढता येत नाही.

ठरलं की पेरणीच्या आत एकच कॅलेंडर सगळ्यांच्या फोनात हवं आणि ऑफिसचा मेल चार फोनांवर सारखा दिसायला हवा. काम माझ्या गळ्यात. म्हणून ही वही.

१४ मे, बुधवार

मेल का हरवला ते सापडलं. लॅपटॉपवर खातं पॉपनं (मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत) जोडलेलं होतं, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली. म्हणजे लॅपटॉप चालू झाला की सगळा मेल उपसून घेतो आणि सर्व्हर रिकामा करतो. विहिरीला मोटार लावून सगळं पाणी आपल्याच टाकीत घेतल्यावर शेजाऱ्याच्या बादलीत काय येणार? भाऊंच्या फोनवर तोच मेल दिसायचा जो लॅपटॉप बंद असताना आला आणि लॅपटॉप सुरू होण्याआधी त्यांनी पाहिला.

आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो. फोन आणि लॅपटॉप दोघं त्याची नक्कल दाखवतात, एकानं वाचलेला दुसऱ्याकडंही वाचलेला दिसतो. आमच्या होस्टिंगवाल्याकडं आयमॅप पहिल्यापासून होतं. खातं जोडलं त्या दिवशी कोणी पॉप निवडलं ते विचारू नये, सही माझीच निघेल.

मेलचं काम नंतर. आधी कॅलेंडर.

१६ मे, शुक्रवार

तीन दिवस वाचन. दुपारी बाहेर कुत्रंही फिरत नाही, त्यामुळं वाचायला वेळ भरपूर.

पहिला प्रश्न भाऊंचा : गूगलचं कॅलेंडर शेअर केलं की झालं, एवढा उपद्व्याप कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण नऊ सख्यांचे फोन पाहिले तेव्हा सातांचं गूगल खातं मोबाइल दुकानदारानं उघडून दिलेलं निघालं, आणि पासवर्ड त्यांना माहीत नाही. एकीच्या फोनात भाच्याचं खातं. अशा खात्यांवर कंपनीचं कॅलेंडर टाकायचं म्हणजे ते उद्या कोणाच्या फोनात उघडेल याचा नेम नाही. शिवाय काकाजींचं म्हणणं असं, की सभासदांचे फोन नंबर आपल्याच घरात राहिले पाहिजेत.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) ढोबळ दोन वाटा दिसतात.

एक वाट मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंकची. हा प्रोटोकॉल (फोन आणि सर्व्हरनं बोलायची रीत) त्यांचा, पण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी सर्व्हरची बाजू स्वतः लिहिली : पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं झेड-पुश, आणि सोगो नावाच्या ग्रुपवेअरमध्ये (मेल, कॅलेंडर, संपर्क एकत्र देणारं सॉफ्टवेअर) तर ते आतच बसवलेलं. सोय मोठी आहे. फोनमध्ये एकदा 'एक्स्चेंज' खातं टाकलं की मेल, कॅलेंडर, संपर्क तिन्ही एका दमात येतात, वेगळं ॲप लागत नाही. पण सोगोच्याच कागदपत्रांत लिहिलंय की हा भाग प्रत्यक्ष कामात वापरायचा तर मायक्रोसॉफ्टकडून परवाना घ्या. तेरा फोनांसाठी कोण जाणार त्या दारात. शिवाय सोगोला डेटाबेस हवा, मेल सर्व्हर हवा. आमचा मेल होस्टिंगवाल्याकडं चाललाय तसा चालू दे.

दुसरी वाट खुल्या मानकांची. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह (आरएफसी ४७९१, २००७ सालचं; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले कागद), संपर्कांसाठी कार्डडॅव्ह (आरएफसी ६३५२, २०११). दोन्ही वेबच्या साध्या एचटीटीपीवरच चालतात. आयफोनला हे जन्मतः येतं. अँड्रॉइडला येत नाही, आणि आमच्याकडं तेराच्या तेरा अँड्रॉइड. त्यासाठी डॅव्हएक्स-फाइव्ह नावाचं ॲप लागतं, पूर्वीचं डॅव्हड्रॉइड. ते स्वतः कॅलेंडर दाखवत नाही. मागं बसून सर्व्हरवरचं आणून फोनच्या कॅलेंडरात भरतं आणि इकडचं तिकडं नेतं. आणलेलं फोनातच राहतं, हे आमच्यासाठी महत्त्वाचं, कारण नऊपैकी चार गावांत रेंज मारुतीच्या पारावरच मिळते.

सर्व्हरसाठी तिघांत स्पर्धा. नेक्स्टक्लाउड (२०१६ साली ओनक्लाउडमधून फुटून निघालेलं) सगळं देतं : फाइल, फोटो, गप्पा, कॅलेंडर. आम्हाला त्यातलं एक हवं. बैलजोडी हवी असताना अख्खा गोठा दावणीसकट घेतल्यासारखं होईल, आणि दर काही महिन्यांनी त्याचं अपग्रेड माझ्याच कपाळी. बाइकाल हलकं, पीएचपीचं. त्याच्या आत तीच सेबर-डॅव्ह लायब्ररी जी नेक्स्टक्लाउडमध्येही आहे. तिसरं रॅडिकेल, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. डेटाबेसच नाही. प्रत्येक नोंद म्हणजे फोल्डरात एक साधी आयसीएस फाइल, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते.

रॅडिकेल घेतो. उद्या मी नसलो तरी पुढच्या माणसाला फोल्डर उघडून तारखा सापडतील, एवढंच कारण पुरेसं वाटलं.

१९ मे, सोमवार

ऑफिसात पडून असलेल्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) रॅडिकेल चढवलं. अर्ध्या तासात ५२३२ पोर्टवर पान उघडलं, युजर केले, पासवर्ड बीक्रिप्टनं झाकून ठेवले. ब्राउझरमधूनच 'कंपनी' नावाचं कॅलेंडर तयार केलं. भाऊंच्या आणि माझ्या फोनात ऑफिसच्या वायफायवर चाललं.

इतकं सोपं गेलं की शंका आली.

२१ मे, बुधवार

शंका खरी. काल संध्याकाळी वादळ, रात्रभर लाइट नाही. मध्ये दोनदा आली, दोनदा गेली. सकाळी रास्पबेरी पाय उठेना, मेमरी कार्डची फाइल सिस्टिम गेलेली. नोंदी दोन्ही फोनांत शाबूत होत्या, त्यामुळं नुकसान शून्य, पण धडधड झाली.

आणि रास्पबेरी पाय ऑफिसात ठेवून बाहेरून फोन जोडणार कसे, हा प्रश्न होताच. आमचं नेट मोबाइलच्या डोंगलवर. सिमला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कंपनीच्या एका पत्त्यामागं कितीतरी ग्राहक असतात. बाहेरून दार ठोठावायला घर नंबरच नाही. व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा) करून जमलं असतं, पण नऊ सख्यांच्या फोनात व्हीपीएन चालू आहे की बंद, हे रोज विचारत बसायची माझी तयारी नाही.

२३ मे, शुक्रवार

एक जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर घेतला. काकाजींना महिन्याचा आकडा सांगितला, ते म्हणाले ऑफिसचा चहा याहून जास्त होते. मंजूर.

पुढं कॅडी नावाचा वेब सर्व्हर लावला, तो लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीसाठी लागणारं) स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतः बदलतो. ही सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, हातानं करायचं ठरवलं तर ऐन कापूस वेचणीत विसर पडणार. रॅडिकेल आतल्या आत, बाहेरून फक्त कॅडी दिसतो.

२७ मे, मंगळवार

सख्यांची बैठक. कोकणात मॉन्सून आला म्हणून टीव्हीवर गाजतंय, त्यामुळं निम्म्या जणींचं लक्ष बियाण्याच्या दुकानाकडं. तरी सहा फोन झाले.

डॅव्हएक्स-फाइव्ह प्ले स्टोअरवर विकत आहे, एफ-ड्रॉइडवर (मुक्त सॉफ्टवेअरचं ॲप-दुकान) फुकट. सॉफ्टवेअर तेच. आम्ही एफ-ड्रॉइडवरून घेतलं. (वर्षअखेर काही देणगी पाठवायची असं माझ्या यादीत लिहून ठेवलंय.) अडचण अशी की एफ-ड्रॉइड टाकताना फोन 'अनोळखी ठिकाणचं ॲप, धोका' म्हणून लाल पाटी दाखवतो. एक ताई फोन मागं ओढून म्हणाल्या, "दादा, ह्याच्यात पैसे तं नाही कटत ना? मागं लिंक दाबली तं हजार गेले होते." त्यांचं बरोबर आहे. अशी पाटी दिसली की थांबायचं, हे आम्हीच गेल्या वर्षी शिकवलं. आता आम्हीच म्हणतोय पुढं जा. म्हणून प्रत्येकीसमोर आधी माझ्या फोनात करून दाखवलं, आणि एफ-ड्रॉइड टाकून झालं की ती परवानगी परत बंद केली. एफ-ड्रॉइडमधून डॅव्हएक्स-फाइव्ह घेताना ती पुन्हा एकदा मागितली गेली, पुन्हा बंद केली. वेळ दुप्पट गेला. जाऊ दे.

एक गोष्ट अडली. प्रत्येकीला वेगळा युजर दिला, पण 'कंपनी' कॅलेंडर माझ्या युजरखाली. डॅव्हएक्स-फाइव्ह युजरच्या स्वतःच्या घरातच शोधतं, तिथं ते सापडत नाही. उपाय : खातं टाकताना सर्व्हरचा नुसता पत्ता न देता त्या कॅलेंडरचाच पूर्ण पत्ता द्यायचा. मग बरोबर पकडतं. पत्ता लांबलचक आणि इंग्रजीत, म्हणून क्यूआर छापला आणि भिंतीवर चिकटवला. पासवर्ड मात्र ज्याचा त्यानं.

सिंक (फोन आणि सर्व्हरवरच्या नोंदी जुळवणं) किती वेळानं? ॲप सुरुवातीला चार तास ठेवतं. आम्ही तासाला एकदा केलं. डेटाची काळजी नको. फोन आधी एवढंच विचारतो की मागच्या वेळेपासून काही बदललंय का. नसेल तर तिथंच थांबतो, असेल तर तेवढंच उचलतो.

२ जून, सोमवार

पहिली घोडचूक, माझी. जूनच्या सगळ्या गावबैठका एक्सेलमधून छोट्या पायथन स्क्रिप्टनं आयसीएस करून चढवल्या. बैठक सकाळी १० ची. सख्यांच्या फोनात दुपारी साडेतीन.

नमुना पाहून लिहिताना वेळेच्या शेवटी 'झेड' हे अक्षर तसंच राहिलं. त्याचा अर्थ ही वेळ ग्रीनिचची. फोननं इमानदारीनं साडेपाच तास मिळवले. सकाळी दहाला दोन गावांतले लोक येऊन बसले, ताई घरी स्वयंपाकात. तिनं उलटं मलाच विचारलं, "दादा, तुमच्याच मोबाइलनं साडेतीन सांगितले, मी कामून येऊ?"

झेड काढला, वेळेसोबत आशिया-कोलकाता हा टाइमझोन लिहिला. फळ्यावर माफीही लिहिली.

५ जून, गुरुवार

उरलेले फोन झाले. ऑफिसच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच कॅलेंडर जोडलं, तिथं कॅलडॅव्ह आतच आहे, वेगळं काही लागत नाही. गोदामवाले दादा आता फळ्याकडं पाहत नाहीत, फोन पाहतात. मग फोनात पाहिलेलं फळ्यावर लिहितात.

९ जून, सोमवार

सकाळी मंगळवारच्या साप्ताहिक बैठका गायब. सगळ्या, पुढच्या मार्चपर्यंतच्या. कोणीतरी एक मंगळवार रद्द करायला गेलं आणि फोननं विचारलं 'फक्त ही की सगळ्या', तिथं अंगठा चुकला.

नशीब, की रॅडिकेलला गिटची (फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) जोड देता येते आणि ती मी २३ तारखेलाच दिली होती. प्रत्येक बदलानंतर फोल्डरची नोंद आपोआप होते, कोणी केला त्या युजरच्या नावासकट. जुनी फाइल परत आणायला दोन मिनिटं लागली. नाव दिसलं. ते मी कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. (मी नव्हतो, एवढं मात्र सांगतो.)

त्यानंतर दार आवळलं. रॅडिकेलमध्ये हक्कांची फाइल असते. तिच्यात लिहिलं : 'कंपनी' कॅलेंडर सगळ्यांनी वाचावं, लिहावं फक्त काकाजी, भाऊ आणि मी. डॅव्हएक्स-फाइव्हला हे कळतं. वाचायच्या कॅलेंडरात कोणी बदल केला तर पुढच्या सिंकला तो आपसूक मागं फिरतो. सख्यांना स्वतःच्या नोंदी करायच्या तर प्रत्येकीचं वेगळं कॅलेंडर, त्यात त्यांचं राज्य.

काकाजींना लिहायचा हक्क दिलाय, पण ते अजून तोंडीच सांगतात.

१० जून, मंगळवार

मृग लागला. ढग आहेत, पाऊस नाही.

काकाजींचा हुकूम : नक्षत्रं टाक, सण टाक, लोक तेच पाहतात. बसलो टाकायला आणि मजेशीर गोष्ट लक्षात आली. नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच. 'दर वर्षी' अशी पुनरावृत्ती लावली तरी एखाद दिवसाचाच फरक पडेल. पण पोळा तिथीवर. गेल्या वर्षी २ सप्टेंबरला झाला, यंदा २२ ऑगस्टला. आयकॅलेंडरच्या (आयसीएस फाइलींचं मानक) पुनरावृत्तीच्या नियमात अमावास्या नावाची गोष्टच नाही. दर महिन्याचा दुसरा मंगळवार म्हणता येतं, शेवटचा शुक्रवार म्हणता येतं, श्रावणातली अमावास्या म्हणता येत नाही.

२०१५ मध्ये आरएफसी ७५२९ आलं, इतर कालगणनांसाठी. त्यात हिब्रू, चिनी कालगणनेनं पुनरावृत्ती लावता येते. हुरूप आला. पण त्यातलं 'भारतीय' म्हणजे सरकारचं राष्ट्रीय शक कॅलेंडर, १९५७ पासूनचं, आणि तेही सौर. आपलं पंचांग नव्हे. म्हणजे पोळा, तान्हा पोळा, दसरा, दिवाळी सगळं हातानं, दर वर्षी, भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून. भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं म्हणून हे काम सुरू केलं होतं.

१७ जून, मंगळवार

तक्रार : "मोबाइल वाजलाच नाही." पाच जणींची, एकाच आठवड्यात.

ॲप बरोबर, सर्व्हर बरोबर, नोंद बरोबर. फोनच बॅटरी वाचवण्याच्या नादात मागं चालणारी ॲप झोपवून टाकतात. काही दिवस ॲप उघडलं नाही की फोन त्याला मेलेलं धरतो. काही फोनांत एका जागी परवानगी दिली की पुरतं. काहींत तीन जागी द्यावी लागते : बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद, ऑटोस्टार्ट चालू, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप. कोणत्या फोनात काय कुठं लपवलंय याचा नियम नाही. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांत दोन जागा.

दोन दिवस याच्यातच गेले. एका ताईच्या घरी तर मला जेवायलाच बसवलं, झुणका-भाकर, वर ठेचा, तोवर तिचा मुलगा सेटिंग शोधत होता. त्यानंच शोधली.

आणखी एक शिकलो. नोंद आली तरी घंटी वाजत नाही, नोंदीत आठवण लावलेली नसेल तर. डॅव्हएक्स-फाइव्हमध्ये अशी सोय आहे की आठवण नसलेल्या प्रत्येक नोंदीला आपणच ठराविक मिनिटं आधीची आठवण लावावी. सगळ्यांच्या फोनात ६० मिनिटं केली.

२६ जून, गुरुवार

पाऊस झाला, सरकी टोबून झाली. आता खऱ्या कामाची गोष्ट.

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे ते लागवडीनंतर ४५ दिवसांनी. आमच्या सभासदांची लागवड एका दिवशी होत नाही, कोणाची १८ जूनला, कोणाची २० ला, कोणाची दुबार. म्हणजे तारीख शेतागणिक वेगळी. गेल्या वर्षी हे डायरीत मोजलं आणि तीन गावांत सापळे आठवडाभर उशिरा लागले. यंदा पेरणीच्या रजिस्टरवरून स्क्रिप्ट प्रत्येक शेताची तारीख काढते आणि त्या-त्या सखीच्या कॅलेंडरात टाकते. सोबत फवारणी संच तपासायची नोंदही : हातमोजे, मास्क, चष्मा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्या वर्षाची आठवण काढली की काकाजी बोलणं थांबवतात, म्हणून ती नोंद मी न सांगताच टाकतो.

संध्याकाळी फोन : "दादा, हे सापे म्हंजे काय? साप निंगाले का वावरात?"

फोनात दिसत होतं 'गुलाबी बोंडअळी पाहणी सापे'. सापळे मधला 'ळ' गेला. सगळ्या नोंदींत, अगदी त्याच जागी.

तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं. आयसीएस फाइलमध्ये ओळ ७५ बाइटपेक्षा (बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचं छोटं माप) लांब नसावी, मोठी असेल तर घडी घालून पुढच्या ओळीत न्यायची, असं मानक सांगतं. इंग्रजीत अक्षर म्हणजे एक बाइट. आपल्या लिपीत प्रत्येक अक्षराला तीन, मात्रेला वेगळे तीन. माझी स्क्रिप्ट ७५ व्या बाइटला कोयता मारायची. मथळ्याच्या आधीचे आठ बाइट धरून हिशेब केला तर तो कोयता बरोबर 'ळ' च्या पोटात पडत होता. अर्धा इकडं, अर्धा तिकडं, आणि अर्धी अक्षरं मी स्वतःच 'दुर्लक्ष करा' सांगून टाकून दिलेली. जूनच्या बैठकांची नावं आखूड होती म्हणून तेव्हा कळलं नाही.

घडी घालायचं काम स्वतः करायचंच नाही. पायथनची आयकॅलेंडर नावाची लायब्ररी आहे, तिला अक्षर न तोडता घडी घालता येते. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सख्यांच्या ग्रुपवर मात्र आता सापळ्यांना 'सापे'च म्हणतात.

८ जुलै, मंगळवार

मेलचं काम एकदाचं. लॅपटॉपवरचं पॉप खातं काढून आयमॅप केलं. जुना मेल थंडरबर्डमधून ओढून सर्व्हरच्या फोल्डरांत टाकायला लागलो, तर होस्टिंगवाल्याची पेटी भरली. दोन वर्षांचाच मेल वर ठेवला, बाकी लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर.

फोनांवर थंडरबर्ड. अँड्रॉइडवरचं थंडरबर्ड म्हणजे के-नाइन हे जुनं मेल ॲपच. २०२२ मध्ये ते थंडरबर्डच्या घरात गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या नावानं बाहेर आलं. भाऊंच्या फोनात पुश चालू : फोन सर्व्हरशी लाइन धरून बसतो, मेल आला की सर्व्हर तिथल्या तिथं सांगतो. रेंज चांगली असेल तर ठीक. गोदामवाल्या दादांकडं रेंज येते-जाते, लाइन तुटते, पुन्हा जोडते, आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. त्यांच्याकडं अर्ध्या तासानं एकदा पाहायला लावलं. सख्यांना मेल दिलाच नाही. त्यांनी मागितलाही नाही.

मेलवर येणारी तारीख आपोआप कॅलेंडरात जात नाही, ती अजून मीच वाचून टाकतो. म्हणजे १३ मेच्या बैठकीत जे निघालं त्याची किल्ली अजून माझ्याकडंच आहे. फरक एवढाच, की आता तो मेल चौघांना दिसतो आणि टाकायचं राहिलं तर भाऊ फोन करतात.

१६ जुलै, बुधवार

एका ताईचा फोन विहिरीवर पाणी काढताना आत पडला. रडल्या. फोनसाठी कमी, नंबरांसाठी जास्त. संपर्कही कार्डडॅव्हनं सर्व्हरवर आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. भावाचा जुना फोन घेऊन ऑफिसात आल्या. खातं टाकलं, पासवर्ड नवा दिला, जुना बंद केला. पत्ता क्यूआरवरून. चहा होईपर्यंत गावातले सगळे नंबर आणि ऑगस्टपर्यंतच्या सगळ्या तारखा परत. त्यांनी आधी एकच नंबर शोधला, माहेरचा. तोही होता, कारण मागं कधीतरी त्यांनी तो चुकून कंपनीच्या खात्यात जतन केला होता. बाकीचे घरचे नंबर मात्र गेले.

बाकीच्या आठ जणींना विचारायचं : घरचे नंबर ठेवायला वेगळी वही हवी का, जी फक्त त्यांनाच दिसेल. रॅडिकेलमध्ये पाच मिनिटांचं काम.

४ ऑगस्ट, सोमवार

२० जूनच्या लागवडीचे ४५ दिवस आज. सात शेतांच्या नोंदी तीन सख्यांकडं. एका गावात कालपासून टॉवर बंद. तिथल्या ताईंनी दुपारी ऑफिसात येऊन सांगितलं की सकाळी घंटी वाजली, सापळे लावून आले. नेट नसताना कसं वाजलं, असं त्यांनी विचारलं. सांगितलं की नोंद जूनमध्येच फोनात येऊन बसली आहे. त्या म्हणाल्या, "मंग मोबाइलवाल्याले पैसे कायचे देता?"

एका शेतात चुकलं. दुबार लावणी झाली होती, रजिस्टरमध्ये तारीख जुनीच. कपाशी अजून वीतभर. ताईंनी पाहिलं आणि स्वतःच आपल्या कॅलेंडरात पुढं ढकलली. तो बदल मला संध्याकाळी सर्व्हरवर दिसला.

११ ऑगस्ट, सोमवार

हिशेब : तेरापैकी अकरा फोन रोज सिंक होतात, लॉगमध्ये दिसतं. एक फोन दोन आठवडे झाले दिसत नाही, जाऊन पाहायला हवं, बहुतेक अपडेटनं बॅटरीची परवानगी परत काढून घेतली. तेरावा काकाजींचा. तो त्यांच्या नातवाकडं असतो.

बॅकअप रोज रात्री लॅपटॉपवर येतो. सर्व्हरचा पासवर्ड पाकिटात घालून कपाटात ठेवला, किल्ली भाऊंकडं.

काकाजी आले होते. "पोळ्याची तारीख टाकली का बापा?" टाकली, २२. मग तान्हा पोळा २३. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून पाहिलं, माझ्या फोनात पाहिलं, पुन्हा भिंतीवर पाहिलं. मान हलवली. म्हणाले, त्या दोन दिवशी सख्यांच्या नोंदी असतील तर काढून टाक, कोणी येणार नाही.

तीन नोंदी होत्या. २५ तारखेला, सोमवारवर नेल्या.